गाडीवरचा नंबर

पर्समधला फोन वाजत होता आणि मी तो वाजू देत होते.

चौक गावात जुन्या हायवेलगत रमजानचाचांचं गॅरेज आहे. त्याच्या पत्र्यावर श्रावणातला पाऊस आपटत होता, आत वेल्डिंग चाललं होतं, बाहेरून ट्रक जात होते… आणि या सगळ्याच्या वर फोनचा आवाज. अप्पांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते आवाज कायम पूर्ण ठेवायचे. तो कमी करणं अजून माझ्याच्यानं झालं नव्हतं.

"उचला ना," कोणीतरी म्हणालं. "मीच करतोय."

मी मान वळवली. शेडच्या दुसऱ्या टोकाला, अप्पांच्या गाडीला टेकून, एक माणूस कानाला फोन लावून उभा होता. रेनकोटवरून पाणी निथळत होतं. नजर माझ्या पर्सवर. त्याने फोन कानावरून खाली घेतला, पर्स गप्प झाली. पुन्हा लावला, पर्स वाजली.

"पटलं?" तो म्हणाला.

"इतक्या जवळून फोन कशाला करताय?"

"तो तुमच्या पर्समध्ये आहे हे मला काय माहीत! या गाडीचं विचारायचं होतं. साईनाथशेठांची ना ही?"

"होती."

त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली. कपाळावर ओले केस चिकटलेले. थट्टा चेहऱ्यावरून पुसली गेली होती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी दहाव्याला आलो होतो. तुम्ही पाहिलं नसेल."

"मी त्या दिवशी कोणालाच पाहिलं नाही."

"हो… तसंच वाटलं मला." मग थोडं थांबून, "मी हरेश. हरेश तरे. शेलूचा."

"भाविका," मी म्हणाले. "मुलगी."

तेवढ्यात रमजानचाचा वेल्डिंगचा चष्मा वर करून ओरडले, "अरे, दोघं भिजू नका तिकडे! चहा आलाय."

अप्पा जमिनीचे एजंट होते. चौकपासून कर्जतपर्यंत आणि खालापूरच्या आतल्या रस्त्यांवर, विजेच्या खांबांना, आंब्याच्या खोडांना त्यांचे पत्र्याचे बोर्ड ठोकलेले आहेत. 'बंगलो प्लॉट, शेतजमीन. भेटा: साईनाथ बडेकर.' खाली लाल रंगात मोबाइल नंबर. पुण्याहून येताना घाट उतरला की मी त्या बोर्डांकडे न बघायला शिकले होते. आमच्याकडे एजंटाची गादी म्हणजे त्याचा नंबर. दुकान बदललं तर चालतं, माणसं शोधत येतात. नंबर बंद पडला की एजंट संपला, असं अप्पाच म्हणायचे. म्हणून मी तो बंद केला नव्हता. उचलतही नव्हते. चार्ज मात्र रोज करत होते.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. शिळफाट्यावरचं त्यांचं भाड्याचं ऑफिस रिकामंच असायचं. मुंबईची माणसं ऑफिसात येतच नाहीत, थेट जमिनीवर येतात, मग ऑफिसानेच जमिनीवर जावं, हे त्यांच्या डोक्यात आलं. आत टेबल, बाक, पंखा, बॅटरी, प्रिंटर, बाहेर ताडपत्रीचा छज्जा. बाकड्यांचे सांगाडे उभे राहिले आणि चैत्रात अप्पा गेले. गणपतीच्या आधी शेडमध्ये जागा लागेल, असं रमजानचाचांनी तीनदा शब्द फिरवून, घसा खाकरत फोनवर सांगितलं, तेव्हा मी रजा टाकून आले. मी एका प्रकाशनात प्रूफं तपासते. गाडी विकायची, आवडीआत्याला भेटायचं आणि परत जायचं, एवढंच ठरवलेलं. त्याहून जास्त ठरवायचं बळ नव्हतं.

"आम्ही चौघं एजंट आहोत," चहा फुंकत हरेश सांगत होता. "रविवारी पार्ट्या स्टेशनवर उतरतात. रिक्षात घालून नेतो त्यांना. तिथे नकाशा उघडायचा तर छत्री धरायला माणूस लागतो. बायका चिखलात उभ्या. परवा एका आजोबांचा सातबारा पावसात धुऊन निघाला."

"सातबारा?"

"झेरॉक्स हो! पण त्यांचा चेहरा असा झाला की जमीनच वाहून गेली." तो हसला, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "गाडी आम्हाला हवीय. पुरी करून. आणि… नंबर मिळेल का गाडीबरोबर?"

"घ्या," मी म्हणाले.

खरंच, जितकं कमी उचलून न्यावं लागेल तितकं बरं, असंच त्या दिवसांत वाटायचं.

त्याने कप खाली ठेवला. "एवढ्यात घ्या म्हणू नका. आधी गाडी होऊ दे."

गाडी होत गेली. मी रोज दुपारी शेडमध्ये यायचे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. अप्पांनी कागदावर काही काढून ठेवलं नव्हतं. दिवाळीत जेवताना त्यांनी ताटातल्या भाताची गाडी केली होती आणि बोटाने टेबल कुठे, बाक कुठे, खिडकी कुठे हे दाखवलं होतं. वरण ओतून छज्जासुद्धा. ती भाताची गाडी माझ्या डोळ्यांसमोर इतकी लख्ख होती की हरेशने टेबल मधोमध, समोरासमोर दोन बाक असं लावायला सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठले.

"चुकलंय."

"काय चुकलं? इकडे एजंट, तिकडे पार्टी. डोळ्यांत बघून बोलायचं. विश्वास बसतो."

"कोणावर?"

"माझ्यावर!"

"घर जमिनीवर बांधायचंय त्यांना की तुमच्यावर?"

रमजानचाचा मोठ्याने हसले. "बेटी बापाची जीभ घेऊन आलीय. ऐक तिचं."

"बाक एकच," मी म्हणाले. "खिडकीकडे तोंड करून. बाहेर जमीन दिसली पाहिजे. एजंट त्यांच्या शेजारी बसेल."

"शेजारी?"

"हो. दोघांनी मिळून एकीकडे बघायचं."

"असं?" तो सांगाड्यावर टाकलेल्या फळीवर जाऊन बसला. शेजारची जागा हाताने पुसली. "या, माप घेऊ. दोन माणसं मावतात का बघायला हवं… कामाचं बोलतोय, मॅडम."

मी बसले. खांद्याला खांदा लागत नव्हता, पण त्याच्या रेनकोटचा ओला वास येत होता. खिडकीतून दिसत होती ती गॅरेजची भिंत, टायरांची चळत, आणि पन्हळीतून पडणारी पाण्याची जाड धार. बघण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बराच वेळ बघत राहिलो.

"मावतात," तो शेवटी म्हणाला.

आवडीआत्या डबा घेऊन आली ती छत्री झटकत सरळ गाडीत चढली. अप्पांची थोरली बहीण. पंखा, पायऱ्या, बाक, सगळ्याला हात लावून पाहिला.

"हापिस हाय का वरातीची गाडी ही?"

"तुम्ही सांगाल ती, आत्या," हरेश म्हणाला. "दोन्ही जमल."

"लय बोलतोस रं! कुणाचा तू?"

"शेलूच्या तऱ्यांचा."

"मंग बोलनारच." आत्याने भाकरी काढली आणि त्याच्याही हातावर ठेवली. घरी जाताना रिक्षात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज जेवलीस गं तू."

मध्येच कधीतरी मी फोन उचलायला लागले. गाडीबरोबर नंबर द्यायचा तर तो मेलेला कसा देणार, असं मी स्वतःला समजावलं. दिवसभर माणसं अप्पांना शोधत. "शेठ हायत का?" "बडेकरसाहेब, त्या रस्त्याच्या प्लॉटचं काय झालं?" प्रत्येकाला तेच वाक्य सांगायचं. समोरचा आधी गप्प, मग हळहळ, मग कसं, कधी, काय झालं… मी सगळं पहिल्यापासून सांगायचे. ठाण्याच्या एका बाईंना "ते नाहीत" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बरं, मग संध्याकाळी करते." मी म्हणाले, "करा."

संध्याकाळी मी अंगणात मोरीच्या दगडावर बसून होते. फोन वाजला. तेच वाक्य तयार ठेवून मी उचलला.

"हॅलो?"

"साईनाथशेठ हॅलो नाय म्हणायचे," पलीकडून हरेशचा आवाज. "म्हणायचे, 'बोला, बडेकर बोलतोय.' कसला दम होता! समोरचा उभा राहून बोलायचा."

"काय काम होतं?"

"छज्ज्याची ताडपत्री निळी घेऊ का हिरवी?"

"निळी सकाळीच घेतलीत ना तुम्ही?"

"हो का? … मग बरोबर घेतली."

असे त्याचे फोन येत. पंखा वाजतोय, ऐका. प्रिंटर चालला, पहिला कागद कोरा आला. कर्जतला आहे, वडापाव आणू का. माझा स्वतःचा नंबर त्याच्याकडे होता, तरी तो याच फोनवर करायचा. मला वाटलं, नंबर चालू राहतोय ना याची खात्री करून घेतोय. शेवटी धंद्याचा माणूस.

एका रविवारी गाडीची चाचणी घेतली. डोंबिवलीचं एक जोडपं, कडावच्या बाजूची भातशेती. हरेश गाडी चालवत होता. मला का नेलं, तर म्हणाला, "काही चुकलं तर तुमच्याशिवाय सांगणार कोण?"

बांधाशी गाडी लावली. निळा छज्जा उघडला. ते जोडपं त्याखालून आत गेलं आणि छज्ज्यात साठलेलं सगळं पाणी मागून येणाऱ्या हरेशच्या डोक्यावर रिकामं झालं. बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी हसले नाही… पण मला तोंड फिरवावं लागलं.

"हसा, हसा," तो माझ्या बाजूने जाताना पुटपुटला. "एवढ्यासाठी नाहायला लागलं तरी परवडलं."

जोडपं बाकावर बसलं, हरेश शेजारी, ओला. खिडकीतून माथेरानचा डोंगर अर्धा ढगात, खाली हिरवंगार शेत. गृहस्थ बघत राहिले. मग त्यांनी बोट दाखवलं.

"त्या कोपऱ्यात पाणी दिसतंय. कायम असतं का?"

हरेशने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सीटवरून त्याच्याकडे पाहत होते. दोन महिन्यांनी तिथे कोरडी माती असते, गवत असतं, कोणाला काही दिसत नाही. 'आजच जास्त पडलाय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पावसाळाभर असतं," तो म्हणाला. "तिथे घर बांधू नका. घर वरच्या अंगाला. तो कोपरा भाताला ठेवा."

जोडपं विचार करून कळवतो म्हणालं. कडावच्या नाक्यावर त्यांना रिक्षात बसवून हरेश परत गाडीत आला, शर्टाची बाही पिळली.

"गेली पार्टी."

"येईल परत."

"कशावरून?"

"अप्पा म्हणायचे—"

"'जमीन पावसात बघावी,'" त्याने वाक्य पुरं केलं. "मला कोणी शिकवलं मग? नवीन होतो तेव्हा मी सगळं दिवाळीनंतरच दाखवायचो. सुकं, गुळगुळीत. एक माणूस फसला, पुढच्या पावसात घरावर आला आमच्या. माझी माणसं भांडायला उठली. साईनाथशेठ आपणहून आले, मला हाताला धरून त्याच्याकडे नेलं. माफी मागायला लावली आणि त्याला दुसरी जागा बघून दिली. माझा धंदा त्यांच्या धंद्याला आडवा जायचा, तरी."

मला हे माहीत नव्हतं. अप्पांविषयी मला माहीत नसलेलं काहीतरी अजून जगात शिल्लक आहे, याने मला एकदम रडू आलं नाही, उलट कोणीतरी पाठीखाली उशी सरकवावी तसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. "शेठ हायत का?" मी ते वाक्य सांगितलं. हळहळ ऐकली. कसं, कधी ते सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मान इतकी जड झाली होती की मी ती खिडकीच्या काचेला टेकवली.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तुम्ही याच फोनवर का करता? माझा नंबर आहे तुमच्याकडे."

तो ओल्या बाहीशी खेळत राहिला.

"या फोनवर सगळे त्यांना शोधत करतात," तो म्हणाला. "दर वेळी वाजला की तुमचा चेहरा कसा होतो, ते मी त्या पहिल्या दिवशी पाहिलं. मला वाटलं… एका तरी माणसाने या फोनवर तुम्हाला शोधत करावा. म्हणजे वाजला की, कोण जाणे, तोच असेल, असं तरी वाटेल. ताडपत्री, पंखा… ते काय, निमित्त."

पाऊस थांबला नव्हता. गाडीच्या टपावर तो सारखा, न दमता पडत होता. मला बोलायचं होतं. मी रोज दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करते, पण माझ्याकडे तेव्हा एकही धड वाक्य नव्हतं. आणि भीती वाटली, खरं सांगते. नुकतंच एक माणूस गेलंय. आता दुसरं कोणी येणार आणि मी त्याची वाट बघायला लागणार…

"शनिवारी गाडी घेऊन जा," मी म्हणाले. "सिमही देते. मी रविवारी पुण्याला निघतेय."

त्याने मान हलवली. किल्ली फिरवली. परतीच्या वाटेवर झाडाझाडावर अप्पांचे बोर्ड होते. आज पहिल्यांदाच मी ते सगळे वाचत आले.

त्यानंतर त्याचा एकही फोन आला नाही. बाकी सगळ्यांचे आले. फोन वाजला की मी धावत घेत होते आणि "शेठ हायत का" ऐकलं की गळून जात होते. आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ज्याचा यावा वाटतो, त्याला आपुन लावावा. हात मोडत नाय." मी लावला नाही. तेवढी सवय नव्हती मला.

शनिवारी गॅरेजमध्ये पोचले तर गाडी धुऊन उभी होती. पांढऱ्या रंगाखालून कुठे कुठे शाळेचा जुना पिवळा डोकावत होता. पेंटर ब्रश धरून स्टुलावर बसला होता. गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जमीन, प्लॉट, बंगला. चालतं ऑफिस.' खाली 'संपर्क', आणि त्यापुढे कोरी जागा.

हरेश फोनवर कोणाशी तरी बोलत होता. "नाय म्हणजे नाय, नीलेश. गाडी घेतली ना? मंग! … बोर्ड आपले आपण लावू. वरीस लागल तर लागल." मला पाहून त्याने फोन खिशात टाकला. "भागीदार आहेत माझे," तो म्हणाला. "नंबराशिवाय गाडी म्हणजे नुसता पत्रा, म्हणतायत."

"खोटं नाही ते. घ्या ना." मी पर्समधून फोन काढून पुढे केला.

त्याने हात पुढे केला नाही.

"नको. आम्ही घेतला तर चौघांपैकी कोणीतरी उचलणार आणि म्हणणार, 'शेठ मेले, बोला, काय पाहिजे.' तसं नको. त्यांना हाक मारणाऱ्याला सांगणारं माणूस घरचं पाहिजे. पुण्याला घेऊन जा तुम्ही. नाय उचलला तरी चालेल. तुमच्याकडे असू दे." तो एवढं बोलला आणि छज्जा बघायला म्हणून उगाच गाडीच्या पलीकडे गेला.

माझ्या हातात फोन गरम झाला होता. मी तो इतके दिवस ओझ्यासारखा वाहत होते आणि आज कोणीच घेत नव्हतं, तर तो मला हलका लागला.

"मॅडम," पेंटर म्हणाला, "ब्रश वाळतोय. काय लिहू पुढे?"

मी एकेक आकडा सांगत गेले. शाळेच्या डायरीत 'पालकांचा फोन' या ओळीवर मी तोच लिहायचे. पेंटर लाल रंगात काढत गेला. रमजानचाचा वेल्डिंग थांबवून बघत होते. शेवटचा आकडा झाला तसा हरेश पलीकडून ओरडला, "चाचा, कसला नंबर लिहितोय तो?"

"बडेकरांचा," मीच म्हणाले.

"आणि उचलणार कोण?"

"मी."

"पुण्याहून?"

"प्रूफं कुठेही बसून तपासता येतात. खिडकी चांगली असली म्हणजे झालं."

गाडीखालून त्याचे बूट दिसत होते, चिखलाने भरलेले. एक पाय पुढे आला, थांबला, मागे गेला. पन्हळ वाहत होती. मग माझ्या हातातला फोन वाजला, नेहमीसारखा, सगळ्यांच्या वर.

मी उचलला.

"बोला," मी म्हणाले. "बडेकर बोलतेय."

मग तो म्हणाला, "चौकशी करायची होती."

"कुठल्या प्लॉटची?"

"प्लॉटची नाय… एका माणसाची. फार दमलेली आहे. विचारत होतो, तिच्या जवळपास राहायला मिळेल का."

"आमच्याकडे घाईत काही ठरत नाही."

"घाई नाय मला."

"आणि आधी पावसात बघावं लागतं."

"पावसातच बघितलंय," तो म्हणाला. "दहाव्याला. आभाळ मोकळं होतं, तरी."

गाडीच्या अंगावर लाल आकडे ओले होते. त्यांना हात लागू नये म्हणून मी जरा लांबून वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला गेले. तो छज्ज्याखाली उभा होता, फोन अजून कानाला. मीही ठेवला नव्हता.

"ये," मी फोनमध्येच म्हणाले. "आत बसू. दोन माणसं मावतात."